वसतिगृहातल्या मित्रांची खबरबात: पन्नास वर्षांनी पुन्हा कशी जमवायची

१९७६ साली दहावीचा निकाल लागला आणि आम्ही ५८ जण पत्र्याच्या ट्रंका उचलून कोल्हापूरच्या वसतिगृहातून बाहेर पडलो. त्यानंतर कितीतरी वर्षं आमच्यातल्या दहा-बारा जणांनाच एकमेकांची खबर होती. गेल्या तीन वर्षांत आम्ही तिघांनी बाकीच्यांचा माग काढला. ५८ पैकी १३ जण गेले, चौघांचा ठावठिकाणा लागला नाही. राहिलेल्या ४१ पैकी ३८ जणांची हकिगत एकेका पानावर उतरवून आम्ही पुस्तिका केली.

कोल्हापुरात असे गट खूप असणार. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केलं. त्याच वर्षी जैन बोर्डिंग निघालं, १९०६ मध्ये मुस्लिम बोर्डिंग, १९०८ मध्ये मिस क्लार्क वसतिगृह. खेड्यातलं पोर शहरात राहून शिकेल ही सोय या गावानं शंभर वर्षांपूर्वीच केली. भाऊराव पाटील जैन बोर्डिंगमध्ये राहून शिकले आणि पुढं १९१९ मध्ये त्यांनी रयत शिक्षण संस्था काढली. आमच्या पिढीपर्यंत ही रीत पोचली, म्हणून आम्ही शिकलो. आता आमच्यातले बहुतेक पासष्टीच्या पुढं गेलेत. ज्यांना हे काम करायचं आहे त्यांनी ते याच वर्षी सुरू करावं, असं मी मनापासून सांगतो.

आमची पहिली चूक

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप झाला त्या आठवड्यात मी त्यावर लिहिलं, ‘प्रत्येकाने आपली माहिती पाठवावी: शिक्षण, नोकरी, पद, मुलांची नावे व ती काय करतात.’ दोन महिन्यांत अकरा उत्तरं आली. सगळी बँक मॅनेजर, प्राध्यापक, इंजिनिअर यांची. त्यात मुलगा अमेरिकेत, मुलगी डॉक्टर, पुण्यात फ्लॅट. बाकीचे ग्रुपवर सकाळच्या फुलांना नमस्कार करत राहिले.

मग भुदरगडकडच्या एका मित्राला मी फोन केला. तो म्हणाला, “माझं काय लिहायचं? मी शेतीच केली.”

ते वाक्य ऐकल्यावर मी ग्रुपवरचं ते आवाहन मागं घेतलं. माहितीचा तक्ता समोर ठेवला की ज्याच्याकडं भरायला पद नाही, तो गप्प बसतो. म्हणून या कामात ग्रुपवर आवाहन करायचं नाही. एकेकाला फोन करायचा, ऐकायचं, लिहून घ्यायचं आणि वाचून दाखवायचं. पुढचं सगळं याभोवती आहे.

नावं जमवणं

एकट्यानं हे काम ओढू नका. तिघं पुरेत. एक गावाकडं राहणारा, एक शहरातला, आणि एक ज्याचा आवाज ऐकून माणसं मोकळी होतात असा. खर्च कुणी किती करायचा ते पहिल्याच दिवशी बोलून घ्या.

एक जाड दोनशे पानी वही घ्या. प्रत्येकाला एक पान: रजिस्टरातलं नाव, गाव, हाक मारायचं नाव, कुणाकडून माग लागला, केव्हा फोन केला. संगणकावरची यादी नंतर करता येते. वही तिघांच्या हातातून फिरते, तिचा उपयोग जास्त होतो.

पहिला आधार शाळेचं जनरल रजिस्टर. दुसरा वसतिगृहाची प्रवेशवही. दोन्ही पाहा, कारण एका वर्गातली मुलं वेगवेगळ्या बोर्डिंगांत राहायची आणि एका बोर्डिंगातली वेगवेगळ्या शाळांत जायची. लेखी अर्ज करा, बॅचचं साल लिहा, आपल्या दाखल्याची झेरॉक्स जोडा. पत्ते द्यायला कार्यालय तयार नसेल तर वाद घालू नका, ते त्यांचं बरोबरच आहे. फक्त नाव आणि गाव ताडून द्या अशी विनंती करा.

अडचण वेगळीच येते. वसतिगृहात आम्ही एकमेकांना गावाच्या नावानंच हाक मारायचो. ‘ए आजरा’, ‘ए कागल’, ‘ए निपाणी’. पन्नास वर्षांनी चेहरा आठवतो, गाव आठवतं, आडनाव मात्र येत नाही. त्यावर उपाय म्हणजे निरोप समारंभाचा ग्रुप फोटो. तो मोठा करून छापा, प्रत्येक डोक्यावर आकडा घाला आणि भेटेल त्याच्यासमोर ठेवा. ‘सतरा नंबर कोण?’ एवढंच विचारा. आमची नऊ नावं अशी सापडली.

गाव कळलं की तिथल्या दूध संस्थेच्या सचिवाला गाठा. नाहीतर विकास सेवा संस्थेच्या, म्हणजे शेतकऱ्यांना पीककर्ज देणाऱ्या गावच्या सोसायटीच्या, सचिवाला. आमच्या जिल्ह्यात गावातलं बहुतेक घर या दोन संस्थांपैकी एकीच्या वहीत असतं. सचिवाकडून थेट नंबर मागू नका. आपला नंबर द्या आणि ‘बोर्डिंगमधल्या मित्राचा फोन आला होता, एवढा निरोप द्या’ म्हणा. दहापैकी सात जणांचा फोन त्याच संध्याकाळी येतो.

काहींच्या बाबतीत रजिस्टरातलं गावच उरलेलं नसतं. काळम्मावाडी धरणात ज्यांची गावं गेली, त्यांना दुसऱ्या तालुक्यांतल्या वसाहतींत जमिनी मिळाल्या. आम्ही एकाला दोन वर्षं चुकीच्या तालुक्यात शोधत होतो. जुन्या गावाचं नाव सांगून त्या धरणग्रस्तांची वसाहत कुठं आहे हे विचारलं, तेव्हा तो एका दिवसात सापडला.

मुलींच्या वसतिगृहाचं काम जास्त अवघड असतं. माझ्या धाकट्या बहिणीनं तिच्या मैत्रिणींची यादी केली, तिच्याकडून हे शिकलो. लग्नानंतर आडनाव बदललेलं, कित्येकींचं पाळण्यातलं नावही सासरी बदललेलं. तिथं माग माहेरातून काढायचा. भाऊ किंवा भावजय हमखास सांगतात. आणि पुस्तिकेत नाव छापताना माहेरचं आधी, सासरचं नंतर लिहायचं, कारण मैत्रिणी तिला त्याच नावानं ओळखतात.

फोन कसा करायचा

या पायरीवर घाई करू नका. आम्ही आठवड्याला दोनच फोन करायचो.

वेळ सांभाळा. सकाळ-संध्याकाळ दूध घालायची वेळ असते, रात्री नऊनंतर म्हाताऱ्या माणसाला झोप येते. दुपारी दोन ते चार बरी. फोन सुनेनं किंवा नातवानं उचलला तर आधी स्वतःची ओळख नीट द्या: “मी आजोबांच्या बोर्डिंगमधला मित्र, कोल्हापूरहून बोलतोय.” हल्ली अनोळखी नंबरची लोकांना भीती वाटते आणि ती योग्यच आहे.

मित्र फोनवर आला की पहिलं वाक्य जुन्या गोष्टीचं असू द्या. मी डब्यापासून सुरुवात करतो. आमच्यातल्या कितीतरी जणांचे डबे घरून एसटीनं यायचे. भाकरी, खर्डा, कधी पिठलं. स्टँडवर जाऊन आपला डबा ओळखून आणायचा आणि रिकामा परतीच्या गाडीत ठेवायचा. “तुझ्या डब्यावर लाल चिंधी बांधलेली असायची, आठवतं का?” एवढं म्हटलं की पलीकडचा माणूस पंधरा वर्षांचा होतो. मग तो ‘अहो’ म्हणत असला तरी दोन मिनिटांत ‘लेका’ म्हणायला लागतो.

प्रश्न कसा विचारायचा यावर सगळं अवलंबून आहे. ‘काय करतोस?’ हा प्रश्न मी सोडून दिला. त्याऐवजी विचारतो, “ट्रंक घेऊन घरी गेलास, मग पुढं काय झालं?” याला प्रत्येकाकडं उत्तर असतं. ‘मुलं किती, कुठं सेटल झाली?’ हेही विचारत नाही. कुणाला मूल नसतं, कुणाचं हाताशी आलेलं मूल गेलेलं असतं. “घरी आता कोण कोण असतं?” म्हटलं की तो त्याला सांगायचं तेवढं सांगतो. तिसरा प्रश्न, “सकाळी उठल्यापासून दिवस कसा जातो?” यातून तब्येत, शेती, नातवंडं, देवळातलं भजन सगळं आपोआप येतं. आणि शेवटी, “बोर्डिंगातलं काय अजून उपयोगी पडतं?” एकानं सांगितलं, अंथरुणाची घडी. तो फौजेत गेला, तिथं पहिल्या दिवशी त्याचीच घडी नीट होती.

मध्ये शांतता पडली तर बोलू नका. थांबा. महत्त्वाचं बहुतेक वेळा त्यानंतर येतं. रेकॉर्डिंग करायचं असेल तर आधी विचारा. नको म्हणाला तर कागद-पेन घ्या.

कुणी रडलं तर त्या दिवशी लिहून घेणं बंद करा. नुसतं बोला. दोन दिवसांनी परत फोन करा.

पान कसं लिहायचं

एकाला एक पान, अंदाजे २५० ते ३०० शब्द. अधिकाऱ्याला दोन आणि शेतकऱ्याला अर्धं असं होता कामा नये. हा नियम आम्ही कुणासाठी मोडला नाही, आणि मोठ्या पदावरच्या दोघांची नाराजीही पत्करली.

पान त्याच्या बोलीत लिहा. ‘मी’ असंच लिहायचं. शाहूवाडीकडच्या एका मित्राची माहिती आमच्याकडं आधी अशी होती: ‘शिक्षण दहावी. व्यवसाय शेती. अपत्ये दोन.’ फोन झाल्यावर पान असं झालं:

‘काका परळला गिरणीत होते, त्यांच्याकडं गेलो. गाळ्यात आम्ही चौदाजण, पाळीनं झोपायचो. बदली कामगार म्हणून लागलो. कायम व्हायची वेळ आली आणि १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला. सहा महिने वाट बघितली. आईनं निरोप पाठवला, परत ये, आहे ते खाऊ. गावी येऊन दोन म्हशी घेतल्या. धाकट्या भावाला शिकवलं, तो मास्तर झाला. आता मी पहाटे दूध संस्थेत मापाला असतो. फॅट काढायचं मशीन आलं तेव्हा ते आधी मी शिकलो, मग गावाला शिकवलं. बोर्डिंगात इंग्रजी आकडे पक्के झाले होते, ते तिथं कामाला आलं.’

हे पान वाचल्यावर त्याच्याच गावाशेजारच्या एका प्राध्यापक मित्रानं त्याला फोन केला. दोघं चाळीस वर्षं एकमेकांपासून सात किलोमीटरवर राहत होते.

लिहून झालं की फोनवर पूर्ण वाचून दाखवा. ‘हे काढ’ म्हणाला तर कारण न विचारता काढा. तीन गोष्टी त्यानं स्वतः होय म्हटल्याशिवाय छापायच्या नाहीत: आजार, पैशाचे व्यवहार आणि मुलांच्या संसारातल्या अडचणी. वाचून दाखवताना पत्नी शेजारी असेल तर फार बरं. आमच्यातल्या निम्म्या तारखा वहिनींनी दुरुस्त केल्या.

स्वतःचं पान सगळ्यात आधी लिहा आणि पहिल्या पाच-सहा जणांना तेच वाचून दाखवा. त्यात यशाइतकंच बिनसलेलंही येऊ द्या. मी माझ्या पानावर लिहिलं की बारावीला नापास झालो, घरी सांगायचं धाडस नव्हतं म्हणून आठ दिवस एका मित्राच्या खोलीवर राहिलो आणि त्याच्या आईनं मला जेवू घातलं. हे ऐकल्यावर पुढचा माणूस आपलं खरं सांगतो.

जे गेले त्यांची पानं

आमच्या तेरा जणांची पानं आहेत आणि ती शेवटी वेगळ्या भागात टाकलेली नाहीत. रजिस्टरातल्या क्रमानं, सगळ्यांच्या मध्येच आहेत.

एखादा गेला असं कळलं तर घरच्या माणसाशी बोलल्याशिवाय यादीत तशी खूण करू नका. आमच्याकडं ऐकीव बातमीवर एका नावापुढं खूण झाली होती. त्याच नावाच्या चुलत भावाचं निधन झालं होतं. सुदैवानं ग्रुपवर लिहायच्या आधी मी त्याच्या घरी फोन लावला आणि तो स्वतः बोलला. तेव्हापासून नियम केला: दोघांनी खात्री करायची, मगच कळवायचं.

घरी शक्यतो समक्ष जा. फोटोची एक प्रत मोठी करून, लॅमिनेट करून न्या. त्यात त्यांचा माणूस पंधरा वर्षांचा असतो, आणि तो चेहरा पत्नीनं किंवा मुलांनी कधी पाहिलेलाच नसतो. आधी तो फोटो द्या, आपल्याला काय आठवतं ते सांगा, मग त्यांना बोलू द्या. एका मित्राच्या मुलीनं आमच्याकडून पहिल्यांदा ऐकलं की तिचे वडील रात्री कंदिलाजवळ बसून धाकट्या मुलांची गणितं सोडवून द्यायचे. तिनं ते स्वतःच्या हातानं लिहून घेतलं. मजकूर घरच्यांनी मान्य केल्यावरच छापा.

ग्रुपवर निधनाची बातमी आली की श्रद्धांजलीची चित्रं धडाधड पडतात. आम्ही ठरवलं आहे की चित्र टाकायचं नाही, त्याची एक आठवण लिहायची. दुसऱ्या दिवशी त्या सगळ्या आठवणी कागदावर उतरवून घरी पोचवायच्या.

ग्रुप आणि पैसे

ग्रुपसाठी थोडंच सांगतो. अ‍ॅडमिन दोन-तीन ठेवा, एकाचा फोन बिघडला की अडायला नको. राजकारण आणि आलेला माल पुढं ढकलणं बंद, हे वर्णनातच लिहा. आपोआप पुसले जाणारे संदेश बंद ठेवा. ज्यांना टाइप करायला अवघड जातं त्यांना व्हॉइस मेसेज शिकवा. आमचे सगळ्यात सुंदर प्रसंग त्यातूनच आले. ज्यांच्याकडं साधा फोन आहे त्यांची जबाबदारी एकेका मित्रानं घ्यायची आणि महिन्यातून एकदा त्यांना सगळं सांगायचं.

मदतीची गरज पडतेच. ती ग्रुपवर जाहीर करू नका. मित्राचा मान त्यात जातो. तिघांनी समक्ष किंवा फोनवर चौकशी करावी, बिल दवाखान्याच्या खात्यात थेट भरावं, आणि देणाऱ्यांची नावं घेणाऱ्याला कळू नयेत. दुसरीकडं, मित्राच्या नंबरवरून ‘अर्जंट पैसे पाठव’ असा मेसेज आला तर आधी त्याला फोन करून आवाज ऐका. अकाउंट चोरून असे मेसेज पाठवले जातात. ओटीपी कुणालाच द्यायचा नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार करा.

भेटीचा दिवस

पानं झाल्यावरच भेट ठेवा, आधी नको. एकमेकांची हकिगत वाचून आलेली माणसं ‘सध्या काय?’ विचारत नाहीत, थेट गळ्यात पडतात.

तारखेचा विचार कोल्हापूरचा करायचा. जुलै-ऑगस्ट नको. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांच्या इशारा पातळीला गेली की गावाकडचे रस्ते बंद व्हायला लागतात. ४३ फूट ही धोक्याची पातळी, आणि २०१९ व २०२१ ला काय झालं ते सगळ्यांनी पाहिलंय. दिवाळीनंतर ऊसतोडी सुरू होतात, शेतकरी मित्र टोळीची वाट बघत शिवारात असतो. नवरात्रात अंबाबाईच्या देवळाभोवती गाडी लावायला जागा मिळत नाही. मे महिन्यात लग्नं. आम्ही पितृपक्षातला रविवार धरला. हॉल मोकळे असतात, भाडं कमी पडतं. काहींनी कुरकुर केली, तेव्हा मी म्हटलं, आपले तेरा जण गेलेत, त्यांची आठवण काढायला याहून योग्य पंधरवडा कुठला? ज्यांच्या घरी त्या दिवशी म्हाळ होता ते दुपारी आले.

जागा तळमजल्यावरची घ्या. शौचालय जवळ असावं, कमोड असावा. स्टेज नको, हार-तुरे नकोत, प्रमुख पाहुणा तर अजिबात नको. खुर्च्या गोलात लावा. छातीवरच्या बिल्ल्यावर गाव मोठ्या अक्षरात, नाव खाली. जेवण बिनतिखट, कमी तेलाचं ठेवा. निम्म्यांना साखर, निम्म्यांना बीपी. आम्ही भाकरी, पिठलं, आमटी-भात ठेवला आणि शेवटी सगळ्यांना जिलबीचं एक वेटोळं, कारण बोर्डिंगात २६ जानेवारीला तेवढंच मिळायचं. घरच्यांचे नंबर आणि कुणाची कुठली गोळी केव्हाची याची यादी एकाच्या खिशात असू द्या. रुग्णवाहिकेचा १०८ भिंतीवर लिहून ठेवा.

हयात असलेल्या गुरुजींना हॉलवर आणायचा हट्ट करू नका. चौघांनी त्यांच्या घरी जावं आणि पाच-सहा पानं वाचून दाखवावीत.

छपाई

शंभरच्या आसपास प्रती असतील तर डिजिटल छपाई परवडते. मधोमध पिन मारायची असेल तर पानांची संख्या चारच्या पटीत हवी. आमची ५८ नावांची ५८ आणि इतर मजकुराची सहा मिळून ६४ बसली. अक्षर १६ पॉइंटच्या खाली नेऊ नका. फोनवर टाइप केलेला मजकूर छापखान्याच्या फॉन्टमध्ये बदलताना जोडाक्षरं फुटतात, विशेषतः रफार आणि ऱ्य, ऱ्ह. म्हणून शेवटचं प्रूफ कागदावर, दोघांनी मोठ्यानं वाचून तपासायचं. जुने फोटो मोबाइलवर न काढता स्कॅन करून घ्या, ३०० डीपीआयवर. फोन नंबर आणि पत्ते पुस्तिकेत छापू नका. त्याचा वेगळा कागद फक्त मित्रांना द्या.

ज्या तिघांनी बोलायला नको म्हटलं आणि ज्या चौघांचा पत्ता लागला नाही, त्यांचीही पानं आम्ही ठेवली. वर नाव आणि गाव, खाली कोरं. तिघांना पुस्तिका कुरिअरनं पाठवली, सोबत चिठ्ठीसुद्धा घातली नाही. गेल्या महिन्यात त्यातल्या चंदगडच्या मित्राकडून पाकीट आलं. त्यानं आपलं कोरं पान अलगद काढून, दोन्ही बाजूंनी लिहून परत पाठवलं होतं. दुसरी आवृत्ती निघेल तेव्हा त्याच्यापुरता एका पानाचा नियम मोडायचा, असं आम्ही तिघांनी ठरवलं आहे.